यादीत नसलेलं नाव

एप्रिल २०२५मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयानं आमच्याच जिल्ह्यात, चाकूर तालुक्यातल्या रोहिण्यात धाड घातली आणि ११.३६ किलो मेफेड्रोन पकडलं. किंमत सतरा कोटींच्या घरात, अटक सात जणांना. आमच्या देवणीत तोवर ‘एमडी’ म्हणजे डॉक्टरच्या पाटीवरची पदवी. ‘एमडी’ म्हणजे मेफेड्रोन हा मुंबईतला अर्थ त्या आठवड्यात पारावरच्या म्हाताऱ्यांनाही कळला. पण मला त्या पावडरीपेक्षा कायद्याच्या दरबारातली तिची वाटचाल जास्त विचार करायला लावते.

मेफेड्रोन अँफेटामाइनच्या कुळातलं. अँफेटामाइनच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू ठरावीक जागी बसला की कॅथिनोन होतं. येमेन-इथिओपियात लोक चघळतात त्या खातच्या पानांत तेच असतं. त्याला दोन मिथाइल गट जोडले की मेफेड्रोन. १९२९ साली ते पहिल्यांदा तयार झालं आणि पुढची सत्तरेक वर्षं कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं.

आपला एनडीपीएस हा अमली पदार्थविरोधी कायदा १९८५चा. त्याच्या अनुसूचीत ज्या पदार्थाचं नाव, तोच गुन्ह्याचा. अँफेटामाइनचं नाव होतं, त्याच्या या नातलगाचं नव्हतं. ब्रिटननं २०१०मध्ये मेफेड्रोनवर बंदी आणली. आपल्या अनुसूचीत ते आलं फेब्रुवारी २०१५मध्ये. तोवर मुंबईत ते ‘म्याव म्याव’ या नावानं गल्लोगल्ली पोचलं होतं आणि पुडी सापडली तरी या कायद्याखाली पोलिसांचे हात बांधलेले. आज तेच ५० ग्रॅमपेक्षा जास्त सापडलं तर किमान दहा वर्षं, कमाल वीस.

मग माणसं म्हणतात, नावं कशाला मोजत बसता, ‘यासारखं सगळंच’ बंद करा. अमेरिकेनं १९८६मध्ये तसा कायदा केलाही. पण ‘सारखं’ म्हणजे किती सारखं? रेणूच्या आकारानं की नशेच्या परिणामानं? तिथं यावर दोन्ही बाजूंचे रसायनतज्ज्ञ कोर्टात भांडतात. आपल्याकडे तर एनडीपीएसच्या कलम ३७मुळे मोठ्या साठ्याच्या खटल्यात जामीन मिळणंच मुश्कील. आरोपी दोषी नसावा असं आधी न्यायाधीशाला वाटावं लागतं. अशा कायद्यात मोघम शब्द घातला, तर गुन्हा होता की नाही हे ठरेपर्यंत माणूस काही वर्षं तुरुंगात काढील. कृत्य घडलं तेव्हा जे गुन्हा नव्हतं, त्याची शिक्षा नको, हे राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदात उगाच लिहिलेलं नाही. त्यामुळे मी यादीच्याच बाजूचा आहे. ती सुधारायला पाच-पाच वर्षं लागू नयेत, एवढंच.

शिवाय यादी कितीही लवकर वाढवली, तरी माल तयार होतो तो कुणाच्या तरी जागेत. फेब्रुवारी २०२४मध्ये दौंडजवळच्या कुरकुंभमध्ये तो औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात निघाला, रोहिण्यात आडरानात. ड्रम टेम्पोतून उतरतात, उग्र वास शेजारच्या शेतापर्यंत जातो, रात्रभर मोटर चालते. रासायनिक सूत्र कळत नसलं, तरी एवढं सालगड्यालाही कळतं.

तेव्हा ज्यांचं शेड रिकामं आहे त्यांना एक विनंती. बाहेरचा माणूस दुप्पट भाडं रोख देऊ लागला, तर आत काय चालणार हे विचारा, करार लिहून घ्या, पोलीस पाटलाच्या कानावर घाला. जागा जाणूनबुजून वापरू देणाऱ्यालाही एनडीपीएसच्या कलम २५खाली गुन्हेगाराइतकीच शिक्षा आहे.