उसन्या बशा

घरी पाहुणे येणार असं कळलं की माणूस पहिलं काम करतो ते म्हणजे काहीतरी कॉटखाली ढकलतो. दुसरं, शेजारून काहीतरी उसनं आणतो. उरलेल्या वेळात घर आवरतो. हा क्रम सार्वत्रिक आहे. ज्याच्याकडे कॉट नसते तो कपाटामागे ढकलतो, एवढाच काय तो फरक.

आमच्या शाखेत पाहुणा म्हणजे वरच्या ऑफिसातून तपासणीला येणारा साहेब. तो येणार असं ठरलं की शाखेच्या अंगात येतं. तीन वर्षं मौन पाळलेला वॉटर कूलर घरघरू लागतो. 'मे आय हेल्प यू' या पाटीखाली प्रत्यक्ष माणूस बसतो. आणि सकाळी टेम्पोतून नर्सरीच्या बारा कुंड्या उतरतात, दिवसाच्या भाड्यानं. मागच्या खेपेला आमचे एक जुने पेन्शनर त्या हिरवाईकडे पाहून दबक्या आवाजात मला म्हणाले, "कुणी गेलं का हो स्टाफपैकी?" संध्याकाळी साहेब एका गाडीतून जातात आणि कुंड्या दुसऱ्या. दुसऱ्या दिवशी कूलर पुन्हा मौनात.

मी कॉमर्सचा पदवीधर. त्यामुळे या प्रकाराला शास्त्रीय नाव आहे हे मला ठाऊक आहे. बी. कॉम.च्या ऑडिटिंगच्या पेपरात 'विंडो ड्रेसिंग'वर टीप लिहा, असा पाच मार्कांचा प्रश्न यायचा. मी ती टीप दोनदा लिहिली. एकदा मार्चमध्ये आणि एकदा ऑक्टोबरमध्ये. धंद्याची परिस्थिती आहे त्याहून बरी दिसावी म्हणून ताळेबंद सजवायचा. ३१ मार्चला ठेवी मुक्कामाला येतात आणि एप्रिल उजाडला की वळकटी आवरून चालू लागतात, तो हा प्रकार. पण सजवणं कुठं संपतं आणि फसवणं कुठं सुरू होतं, ते काही त्या टिपेत नव्हतं. पाच मार्कांत मावण्याजोगं ते नसावं.

हा प्रश्न मला पुन्हा भेटला तो सिंगापूरला. दहा वर्षांच्या रिकरिंगचे पैसे हाती आले तेव्हा आम्ही उभयता चाळीस मराठी माणसांच्या घोळक्यातून तिकडे जाऊन आलो. विमानतळावरून शहरात शिरताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडंच झाडं. झाडं अशी, की रोज सकाळी कुणीतरी भांग पाडून देत असावं. बँकवाल्याशी बावीस वर्षं संसार केलेली आमची सौ. खिडकीतून बराच वेळ बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "अहो, भाड्याची तर नसतील?"

भाड्याची नव्हती, पण तिचा नेम अगदीच चुकला होता असंही नाही. परत आल्यावर लायब्ररीतून ली क्वान यू यांच्या आठवणींचं पुस्तक आणलं, त्यात खुद्द पंतप्रधानांनी कबुलीच दिली आहे. परदेशी कंपन्यांचे बडे साहेब गुंतवणूक करावी की नाही ते ठरवण्याआधी त्यांना भेटायला येत. साहेबांची खात्री पटवायचा उत्तम उपाय म्हणजे विमानतळ ते हॉटेल आणि हॉटेल ते ऑफिस हे रस्ते झाडाझुडपांनी नटलेले, झाडूनपुसून लख्ख ठेवायचे. कुणी एक शब्द न बोलताही साहेबानं ओळखावं, की ही माणसं शिस्तीची आणि भरवशाची आहेत. म्हणजे आमच्या शाखेचीच युक्ती. फक्त इथं अख्खा देश तपासणीला बसला होता!

आणि बसणं भागच होतं. ९ ऑगस्ट १९६५ रोजी सिंगापूर मलेशियापासून वेगळं झालं, तेव्हा तो मुंबईहूनही जरासा लहान देश होता. (पुढं समुद्रात भर घालून घालून ते मुंबईच्या पुढं गेलं. भराव घालायची कल्पना आपली, पण चिकाटी त्यांची.) खाण नाही, शेत म्हणावं असं शेत नाही, प्यायचं पाणीसुद्धा शेजारच्या मलेशियातून नळानं यायचं. ब्रिटिशांच्या लष्करी तळावर हजारोंची पोटं होती, तर १९६८ साली ब्रिटिशांनीही आवराआवर जाहीर केली. हुंडा नाही, रंग सावळा, आणि वय उलटत चाललेलं. अशा मुलीच्या बापासारखी त्या सरकारची अवस्था होती. मग त्यांनी जे केलं ते कुठल्याही बापानं केलं असतं. जोडे झिजवले.

जोडे झिजवण्यासाठी त्यांनी १९६१ सालीच एक आर्थिक विकास मंडळ काढून ठेवलं होतं. त्याची माणसं अमेरिकेत कंपन्यांची दारं ठोठावत हिंडायची. चाळीस-पन्नास कंपन्या पालथ्या घालाव्या तेव्हा एखादी म्हणायची, बरं, येऊन बघतो. हे वाचून माझे डोळे पाणावले. आमच्यावर विमा पॉलिसी खपवायचं टार्गेट असतं तेव्हा चाळीस खातेदारांमागे एकजण 'घरी विचारून सांगतो' म्हणतो. उरलेले पासबुक भरून न घेताच पळतात. इकडे अर्थमंत्री गोह केंग स्वी यांनी जुरॉंगची दलदल बुजवून कारखान्यांसाठी प्लॉट पाडले. सुरुवातीला ते रिकामेच. लोक त्या जागेला 'गोहसाहेबांचा मूर्खपणा' म्हणू लागले.

त्या पुस्तकातल्या एका प्रसंगापाशी मी पुस्तक मिटून ठेवलं आणि बराच वेळ हसत बसलो. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीनं सिंगापुरात एका सहा मजली इमारतीचे वरचे दोन मजले घेतले होते. खुद्द ह्यूलेटसाहेब बघायला येणार होते. पण लिफ्टला लागेल एवढ्या विजेची सोय झाली नव्हती. साहेब सहा जिने चढणार कसे? मंडळाच्या लोकांनी शेजारच्या इमारतीतून एक अजस्र केबल ओढून आणली. साहेब आले, लिफ्ट चालली, साहेब वर गेले आणि कंपनीनं पैसे गुंतवले.

सौ. म्हणाली, "एवढं हसायला काय झालं?"

मी म्हटलं, "बशा आठवल्या."

त्या बशांची हकीकत सांगितली पाहिजे. २००४ साली सौ.च्या माहेरची मंडळी आमची डोंबिवलीची दोन खोल्यांची जागा बघायला आली. आमच्याकडे सारख्या म्हणाव्यात अशा फक्त दोन बशा. आईनं शेजारच्या काकूंकडून स्टीलच्या सहा बशा आणल्या, कोऱ्या, चकचकीत. त्यांत पोहे भरले, वर खोबरं-कोथिंबीर, लिंबाची फोड. सगळं यथासांग चाललं होतं. माझे भावी सासरे पोह्यांचे भोक्ते. ते खात गेले, आणि पोहे जसजसे कमी होत गेले तसतशी बशीच्या तळातून अक्षरं वर येऊ लागली. आधी 'कै.' आलं. मग काकूंच्या सासऱ्यांचं नाव. मग आडनाव, आमचं तीन अक्षरी, हे पाच अक्षरी. आणि शेवटच्या घासाला 'यांच्या स्मरणार्थ'. सासऱ्यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडून खळखळून हसण्याचा आवाज आला.

खोलीत कुणी हाललं नाही. आईचा हात चहाच्या ट्रेवर गोठला. सासरे बशी खाली ठेवून म्हणाले, "शेजार आनंदी दिसतोय."

लग्न ठरलं. पुढं सासऱ्यांना मी विचारलं, की बशा उसन्या आहेत हे दिसत असूनही तुम्ही होकार कसा दिलात? ते पोस्टातून रिटायर झालेले. म्हणाले, "अहो, ज्याला शेजारी स्मरणार्थच्या कोऱ्या बशा काढून देतो, त्याची पत चांगली. बशा काय, पुढं होतातच." क्रेडिट रेटिंगची याहून चांगली व्याख्या मी अजून ऐकलेली नाही. सिंगापूरलाही एका डच अर्थतज्ज्ञानं, आल्बर्ट विन्सेमियस यांनी, असाच सल्ला दिला होता. शहराचा पाया घालणाऱ्या रॅफल्स या इंग्रजाचा पुतळा हलवू नका. तो जागेवर दिसला की परदेशी माणसाला धीर येईल. म्हणजे बशीवरचं परकं नाव घासून काढू नका!

आता बशीऐवजी सगळं घरच उसनं असेल तर? तसंही झालेलं आहे. १८२२ साली ग्रेगर मॅकग्रेगर नावाच्या स्कॉटिश गृहस्थानं लंडनमध्ये मध्य अमेरिकेतल्या 'पोयाईस' या देशाच्या नावानं दोन लाख पौंडांचे रोखे काढले. स्वतः तिथला राजा. देशाच्या वर्णनाचं साडेतीनशे पानांचं पुस्तक. नोटासुद्धा छापलेल्या, लोकांनी खरे पौंड देऊन त्या घेतल्या. बँकेतला माणूस म्हणून हे वाचताना माझी बोटं आपोआप नोट उजेडाकडे धरू लागली. सुमारे अडीचशे माणसं बोटीतून तिथं पोचली. राजधानी नव्हती, बंदर नव्हतं, नुसतं जंगल होतं. त्यांतली निम्म्याहून अधिक दगावली. ह्यूलेटसाहेबांना जी लिफ्ट दाखवली ती दुसऱ्या दिवशीही लागणार होती. इथं लिफ्ट नव्हतीच; नुसता खड्डा होता आणि माणसांना त्यात उतरवलं.

तेव्हा टीप अशी लिहिता येईल: पाहुणा गेल्यावर जे घरात राहतं ते सजवणं, आणि जे टेम्पोतून परत जातं ते फसवणं. सिंगापूरची झाडं साहेबांसाठी लावली, पण सावली तिथल्या म्हातारीवरही पडली. पाहुण्यांसाठी म्हणून रोज झाडत राहिलं की कधीतरी घर खरंच स्वच्छ होऊन जातं. आज भारतातच परदेशी गुंतवणूक कुठून येते ते बघा, सिंगापूरचं नाव वरच्या ओळींत असतं. पाच पैकी पाच मार्क मिळायला हरकत नव्हती.

पण सौ. पेपर तपासायला बसली की एक मार्क कापतेच. ती म्हणाली, "आणि भिंतीपलीकडून हसलं कोण?"

ती माझी आत्या होती. तिला मधेच, कारण नसताना, मोठ्यानं हसू यायचं. डॉक्टरांनी त्याला एक नाव दिलं होतं. घरात ते कुणी उच्चारत नसे. आमच्याकडेच राहायची, मला लहानाचा मोठा तिनंच केला. पाहुणे येणार म्हणून त्या दिवशी आईनं बशा इकडे आणल्या आणि आत्याला तिकडे नेऊन बसवलं. एका हातानं घेतलं, दुसऱ्या हातानं दिलं. मला ठाऊक होतं. मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो आणि एक अक्षर बोललो नाही. जाताना तिनं मला विचारलं होतं, "मी तिकडे गेले की तुझं होईल ना?"

लग्नानंतर सौ. आत्याला भेटली तेव्हा म्हणाली, "त्या दिवशी मनापासून हसलं ते हे एकच माणूस." आणि मग मला वेगळं घेऊन, "बशांचं काही नाही. पण यांना लपवायला नको होतं."

सिंगापूरच्याही घरात एक आतली खोली होती. विन्सेमियस यांनी पुतळ्याबरोबर दुसरी अट सांगितली होती, ती कम्युनिस्टांना दूर सारण्याची. जुरॉंगमधूनच १९६३ साली निवडून आलेले चिया थाय पो नावाचे विरोधी पक्षाचे तरुण खासदार १९६६ साली पकडले गेले. सरकारनं त्यांना कम्युनिस्ट ठरवलं. त्यांनी ते कधी मान्य केलं नाही. खटला चालला नाही. १९८९ साली तुरुंगातून काढून त्यांना सेंटोसा बेटावर ठेवलं, आणि शेवटचे निर्बंध उठले ते १९९८ साली. त्याच सेंटोसावर आम्ही चाळीस मराठी माणसांनी ओळीनं उभं राहून फोटो काढले, चकल्या खाल्ल्या. कुणी म्हणेल, तेवढ्या कडक शिस्तीवाचून हे सारं उभंच राहिलं नसतं. असेलही. आमचंही लग्न कदाचित मोडलं असतं. पण तो हिशेब मांडणारे नेहमी बाहेरच्या खोलीत बसलेले असतात, पोहे खात. आतल्याला कुणी विचारत नाही. उसनं आणलेलं परत करता येतं. त्या दुपारी आत्याला तिकडे बसवलं, ती दुपार कुठल्या खात्यात जमा करायची, हे मला बावीस वर्षं काउंटरवर बसूनही कळलेलं नाही.

आत्या २०१४ साली गेली. वर्षश्राद्धाला आम्ही स्टीलच्या सहा बशा केल्या. तळाशी 'कै.' आणि तिचं नाव. आडनाव तीन अक्षरीच.

गेल्या रविवारी शेजारच्या वहिनी आल्या. मुलाचं जमतंय, मंडळी घर बघायला यायची होती. म्हणाल्या, "तुमच्याकडे सारख्या बशा आहेत का हो सहा?" सौ.नं काढून दिल्या. मी वहिनींना बजावलं, "नाव आहे बरं का त्यांवर." त्या म्हणाल्या, "असू दे हो. पोह्यांखाली झाकलं जाईल."

म्हटलं, पोहे संपेपर्यंतच. मग आत्या येईल बाहेर.