बातमीतला चेहरा

सौंदर्यस्पर्धा जिंकलेली मुलगी टीव्हीवर बातमीदार झाली, की लोक लगेच म्हणतात, हिला काम मिळालं ते रूपावर. तिचं एकही वार्तांकन न पाहिलेले लोकही हे ठामपणे सांगतात. मला याचा राग येतो. रूप पाहून नेमणूक झाली असेल, तर जाब नेमणाऱ्याला विचारायला हवा. आपण तो तिला विचारतो.

ग्रेचेन कार्लसन १९८९ची मिस अमेरिका. स्टॅनफर्डची पदवीधर, लहानपणापासून व्हायोलिन वाजवणारी. मुकुटानंतर ती स्थानिक वाहिन्यांवर बातमीदारी करत वर आली आणि पुढे फॉक्स न्यूजवर निवेदक झाली. जुलै २०१६मध्ये तिने फॉक्सचे प्रमुख रॉजर एल्स यांच्याविरुद्ध लैंगिक छळाचा दावा लावला. एल्स यांनी आरोप नाकारले, पण त्याच महिन्यात त्यांना पद सोडावं लागलं. ‘मी टू’ची लाट यायला तेव्हा वर्षभराहून अधिक अवकाश होता. पुढे ती मिस अमेरिका संस्थेची अध्यक्ष झाली आणि २०१८मध्ये तिच्याच कारकिर्दीत स्पर्धेतली स्विमसूटची फेरी बंद झाली. जिचं रूप कधीकाळी गुणांनी मोजलं गेलं होतं, तिनेच ती मोजपट्टी काढून टाकली. हे धाडस मला मुकुटापेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

आपल्या पुण्याची स्मिता पाटील कुठल्या स्पर्धेत उतरली नव्हती. रेणुका स्वरूप शाळेत शिकलेली, राष्ट्र सेवा दलात वाढलेली ही सावळी मुलगी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देऊ लागली. जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यासमोर बसायची, असं सांगतात. लग्नाच्या जाहिरातींत ‘गोरी’ हा शब्द हटकून येण्याचा तो काळ. तरी लोक तिच्याकडे पाहत राहिले, कारण ती शब्द समजून बोलत होती. सौंदर्याची व्याख्या परीक्षकांच्या टेबलावर ठरत नाही, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

तिने मात्र सिनेमाची वाट धरली, आणि आपला सिनेमा त्यामुळे श्रीमंत झाला. पण माझा जीव अडकतो तो मागे राहिलेल्या प्रश्नात: वृत्तनिवेदिकेला आपण बातमी शोधायला कितीदा पाठवतो? तयार मजकूर वाचणं हेही कौशल्य आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण खडकवासल्याचं पाणी पुण्याला किती आणि दौंड-इंदापूरच्या शेतीला किती, हे ठरवणाऱ्या कालवा समितीच्या बैठकीबाहेर उभं राहून मंत्र्याला अडवायचं, तर टीएमसीचा, म्हणजे अब्ज घनफुटांचा, हिशेब तोंडपाठ लागतो. तिथे मुकुट मदत करत नाही, आणि आडही येत नाही. मुलगी देखणी आहे म्हणून तिला स्टुडिओत बसवून ठेवणं आणि ती देखणी नाही म्हणून तिला स्टुडिओत येऊच न देणं, हे दोन्ही अन्याय एकाच वृत्तीतून येतात.

रानडे इन्स्टिट्यूटमधून दरवर्षी मुली पत्रकारिता शिकून बाहेर पडतात. त्यांची निवड करणाऱ्या संपादकांना माझी विनंती आहे: उमेदवाराला आधी एखाद्या बातमीवर पाठवा, तिने आणलेलं वार्तांकन पडदा बंद ठेवून नुसतं ऐका, आणि नेमणुकीचा निर्णय त्यावर घ्या.