गाडी सुरू होत नाही, म्हणून इंजिन खराब?



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३३ ते ४०.

अर्जुन इथे आपल्या सगळ्यांच्या मनातलं बोलून टाकतो. तो म्हणतो, कृष्णा, तू सांगतोस तो योग ऐकायला छान आहे, पण हे मन एका जागी ठरतच नाही. वाऱ्याची मोट बांधता येईल का? तसंच हे. आणि भगवंत काय करतात? रागवत नाहीत. आधी मान्य करतात की हो बाबा, मन आवरायला कठीणच आहे. मग दोन उपाय देतात: अभ्यास आणि वैराग्य.

हे दोन शब्द आपण इतक्यांदा ऐकलेत की आता नुसते कानावरून जातात. म्हणून आज आपण ते पार्किंगमध्ये नेऊ. सकाळी सुरू न होणाऱ्या गाडीपाशी. हसू नका, खरंच नेऊ!

पावसाळ्याचे दिवस. गाडी चार-पाच दिवस एका जागी उभी. ऑफिसला उशीर होतोय. तुम्ही बटण दाबता, गाडी घरघरते आणि गप्प. मग बहुतेक जण काय करतात? परत दाबतात. अजून जोरात, अजून जास्त वेळ. शेवटी आवाजही येईनासा होतो, आणि आपण जाहीर करतो, "इंजिन गेलं वाटतं."

आता चांगला मेकॅनिक बघा. तो इंजिनला हातच लावत नाही. आधी हँडलवरचं लाल बटण बघतो, ते बंद नाही ना? साइड स्टँड खाली आहे का? कित्येक नव्या गाड्या स्टँड खाली असला की सुरूच होत नाहीत. स्कूटर असेल तर ब्रेक दाबलाय का? टाकीत पेट्रोल आहे का? मग बटण दाबून कान देतो. नुसतं टक-टक वाजलं तर बॅटरी उतरल्याचा संशय. इंजिन नीट फिरतंय पण पेट घेत नाही, तर प्लग काढून बघतो. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नसावं. ओला असेल तर पेट्रोल येतंय, पण ठिणगी कमी पडतेय किंवा पेट्रोलच जास्त झालंय. साधं आधी, अवघड नंतर. इंजिन खोलायची वेळ अगदी शेवटी येते, आणि बरेचदा येतच नाही.

साधनेत आपण नेमकं उलटं करतो. पहिल्याच दिवशी इंजिन खोलतो.

आमच्या रविवारच्या सत्संगात एक मुलगा येतो. आयटीत आहे, रात्रपाळी करतो. परवा चहा पिताना हळूच म्हणाला, "दादा, मी जप सोडला. माझं मनच देवासाठी बनलेलं नाही. घरी आई आरतीला हाक मारते ना, तरी आत जात नाही मी. ढोंगी वाटतं स्वतःलाच." शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज बदलला होता.

मी त्याला विचारलं, "झोपतोस कधी?" पहाटे चारला. "जपाला बसायचास कधी?" साडेपाचला, कारण ब्रह्ममुहूर्त चुकवायचा नाही असं कुठेतरी ऐकलेलं. म्हणजे दीड तास झोपून माळ हातात, डुलकी येणार, माळ गळून पडणार, आणि निष्कर्ष काय? मी नास्तिक!

अरे, याच सहाव्या अध्यायात सोळाव्या-सतराव्या श्लोकात भगवंतांनी आधीच सांगून ठेवलंय की फार खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला, फार झोपणाऱ्याला आणि सारखं जागणाऱ्याला योग साधत नाही. आहार, झोप, काम, सगळं मापात हवं. अर्जुन मनाची तक्रार करतो त्याच्याही आधी हे आलंय! त्या मुलाचं इंजिन ठणठणीत होतं. साइड स्टँड तेवढा खाली होता. मी त्याला म्हटलं, झोप पूर्ण कर, दुपारी उठशील तेव्हा आंघोळ करून बस. देवाच्या दारात शिफ्ट लागत नाही.

आता अभ्यास. गाडीच्या माहितीपुस्तकात साधारण असं दिलेलं असतं की बटण एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, नाही झाली सुरू तर दहाएक सेकंद थांबून परत दाबा. का? कारण बॅटरीत थोडीच ताकद असते, आणि ती फक्त सुरुवात करून द्यायला असते. गाडी पळवायचं काम इंजिनचं. आणि गंमत बघा, इंजिन चालू झालं की तेच बॅटरी परत भरतं.

आपला उत्साह, आपला निश्चय म्हणजे ही बॅटरी. "मूड आला की नाम घेईन" म्हणणारा माणूस गाडी बंद ठेवून बॅटरी भरायची वाट बघतोय. ती बसल्या जागी भरत नाही, उलट हळूहळू उतरते. थोडं नाम घेतलं की गोडी लागते आणि गोडीने उद्याचं नाम होतं. पण दोन मिनिटं सुरू करून लगेच बंद केली, तर सुरू करताना खर्च झालेलं तेवढ्यात भरून निघत नाही. म्हणून थोडं का होईना, रोज आणि जरा टिकून. एका दिवशी झटक्यात पन्नास माळा आणि मग पंधरा दिवस सुट्टी, हे म्हणजे बटण दाबून धरणं झालं.

आणि वैराग्य? काही जण हौसेने जादा लाइट, मोठा हॉर्न, चार्जर बसवून घेतात. जोडणी चुकली तर किल्ली बंद असतानाही ते रात्रभर बॅटरी खात राहतात. मग नवी बॅटरी टाकली तरी आठवड्यात तीच रड. उपाय काय? गाडी विकायची नाही, ती एक वायर काढायची. वैराग्य म्हटलं की आपल्याला घरदार सोडून हिमालय दिसतो. पण रात्री उशाशी ठेवलेला मोबाइल, एकचा दोन वाजवणारे रील्स, कोणाशी तरी मनातल्या मनात चाललेलं भांडण, यातली कुठली वायर तुमची बॅटरी खातेय, तेवढं शोधा. आज एकच काढा.

अजून एक. गिअरची बाईक बॅटरी उतरली तरी मित्रांच्या धक्क्याने बरेचदा सुरू होते. पण गिअर टाकलेला हवा. न्यूट्रलमध्ये ठेवून सगळ्या सोसायटीने ढकलली तरी चाकं फिरतील, इंजिन नाही. सत्संग म्हणजे असा धक्का. तो घ्यायला लाजू नका, पण गिअर आपला आपणच टाकायचा असतो.

शेवटी अर्जुनाची खरी भीती. तो विचारतो, श्रद्धा होती पण मध्येच सुटलं, त्याचं काय? फाटलेल्या ढगासारखा तो ना इकडचा ना तिकडचा, असाच विरून जातो का? भगवंतांचं उत्तर मला फार आवडतं. ते अर्जुनाला चक्क "बाळा" अशा मायेने हाक मारतात आणि सांगतात, चांगलं करू पाहणाऱ्याची कधीच दुर्गती होत नाही. पुढच्या श्लोकांत तर म्हणतात की त्याने जिथे सोडलं तिथूनच पुढे सुरू होतं, पुढच्या जन्मातसुद्धा. गाडी महिनाभर बंद राहिली म्हणून मीटरवरचे किलोमीटर शून्य होतात का? तुमचं एकही नाम वाया गेलेलं नाही.

म्हणून आज ज्याचा जप सुटलाय, त्याने स्वतःला शिव्या देऊ नयेत. आधी झोप बघा, मग वेळ, मग ती एक वायर. आणि घरातून आरतीची हाक आली तर जसे असाल तसे आत जा.

पांडुरंगा, आमच्या मनाला दोष देण्याआधी त्याच्याकडे नीट बघायची बुद्धी दे. आज एवढंच नाम झालं, ते गोड मानून घे.

राम कृष्ण हरी! 🙏