हुप्प्यातला बाप

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात महाकपी जातक रंगवलेलं आहे. मागे धनुर्धारी, समोर नदी, आणि वानरांचा राजा स्वतःच्या देहाचा पूल करून अख्ख्या टोळीला पाठीवरून पलीकडे पोचवतो. पाचव्या शतकातल्या, वाकाटक हरिषेणाच्या काळातल्या चित्रकाराला वानरांचा म्होरक्या असा दिसला. वाघूरच्या त्याच घळीत आजही काळतोंडी वानरं हिंडतात. त्यांच्या म्होरक्याला आपण हुप्प्या म्हणतो. विसाव्या शतकातल्या विज्ञानानं या हुप्प्याची जगभर जी कीर्ती केली, ती त्या चित्राच्या नेमकी उलट होती: हुप्प्या पिल्लं मारतो.

या कीर्तीची सुरुवात आपल्या सीमेलगत झाली, धारवाडला. क्योतो विद्यापीठाचे युकिमारू सुगियामा १९६१ ते १९६३ या काळात तिथल्या वानरांच्या टोळ्यांमागे फिरत होते. १९६२मध्ये बाहेरच्या नरांच्या एका जथ्यानं त्यांच्या डोळ्यांदेखत एका टोळीवर चाल केली आणि जुन्या हुप्प्याला हुसकावलं. मग त्या जथ्यातल्या एकानं आपल्याच सोबत्यांना पळवून टोळी ताब्यात घेतली. पुढच्या काही आठवड्यांत टोळीतली दूधपिती पिल्लं एकामागून एक त्याच्या चाव्यांना बळी पडली. १९७१मध्ये सारा ब्लाफर हर्डी अबूच्या पहाडावर आल्या आणि त्यांनी या क्रौर्याचा हिशेब मांडला. पिल्लाला पाजणाऱ्या मादीच्या रक्तात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक चढलेलं असतं आणि तोवर तिचं बीजांड पक्व होत नाही. पिल्लू गेलं की ती लवकर माजावर येते. हुप्प्याचं राज्य फार काळ टिकत नाही, आणि दुसऱ्याची पिल्लं मोठी होईतो थांबायला त्याच्याकडे वेळ नसतो.

हा हिशेब खरा आहे आणि पुढे त्याला पुरावाही मिळाला. मला खटकतं ते एवढंच, की बहुतेकांच्या कानावर एवढीच गोष्ट आली. ‘पुरुषाची जातच तशी’ म्हणणाऱ्याला तिच्यात निसर्गाची सही सापडली. गोष्टीचा दुसरा अर्धा भाग दक्षिण नेपाळमधल्या रामनगरच्या रानातला आहे आणि तो फार थोड्यांना माहीत आहे.

रामनगरच्या वानरटोळ्यांमध्ये अनेक नर एकत्र राहतात. कॅरोला बोरीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विष्ठेतल्या डीएनएवरून कोण कुणाचा बाप हे शोधलं. १९९९मध्ये दोन निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पिल्लावर हल्ला करणारा नर एकाही तपासलेल्या घटनेत त्या पिल्लाचा बाप नव्हता. आणि हल्लेखोराच्या आड येऊन पिल्लाला वाचवणारे नर एक तर बाप होते, किंवा गर्भधारणेच्या वेळी टोळीत असलेले आणि त्या मादीशी जुगलेले होते. म्हणजे आपण बाप असू, एवढी शक्यताही हुप्प्याला दुसऱ्या नराच्या सुळ्यांसमोर उभं करायला पुरते. ही शक्यता जागती ठेवते मादी. २००१मध्ये मायकेल हाइस्टरमान आणि सहकाऱ्यांनी विष्ठेतल्या संप्रेरकांवरून बीजांड सुटण्याचा दिवस काढला, तेव्हा दिसलं की नरांना तो दिवस ओळखताच येत नाही. मादी कितीतरी दिवस जुगते, अनेक नरांशी जुगते, गाभण असतानाही जुगते. तिच्या संप्रेरकांनी राखलेल्या या गुपितामुळे पिल्लाला एकापेक्षा अधिक रक्षक लाभतात. जातकाचा चित्रकार सुगियामांइतकाच खरं सांगत होता, असं मी म्हणेन.

वानराला शेपूट आहे आणि तो आपल्या वंशवेलीपासून बराच लांबचा. जवळचे नातलग म्हणजे बिनशेपटीचे कपी. त्यांच्यापैकी भारतात फक्त हुलॉक गिबन आहे, तोही ईशान्येत. चिंपांझी आणि गोरिला आफ्रिकेत. संप्रेरकं मोजायला रानातल्या चिंपांझीचं रक्त काढता येत नाही, म्हणून युगांडातल्या किबाले जंगलात कान्यावारा इथले संशोधक पहाटे त्याच्या झाडाखाली उभे राहतात आणि तो उठल्या उठल्या मुतला की काठीला लावलेल्या प्लॅस्टिकवर किंवा पानांवरून ते थेंब टिपून घेतात. विज्ञानातली सगळ्यात मोलाची मेहनत मला अशाच ठिकाणी दिसते. या थेंबांतून मार्टिन मुलर आणि रिचर्ड रँगम यांना २००४मध्ये एक विलक्षण फरक दिसला. आधी पिल्लं झालेली, म्हणजे नरांच्या लेखी मोलाची मादी माजावर आली की नरांमधली मारामारी वाढते आणि टेस्टोस्टेरॉनही वाढतं. पण अजून पिल्लू न झालेल्या कोवळ्या मादीशी ते भरपूर जुगतात, तेव्हा मात्र टेस्टोस्टेरॉन चढत नाही. हे संप्रेरक कामवासनेचं माप आहे हा आपला पक्का समज इथे कोसळतो. ते चढतं चुरशीत. जॉन विंगफील्ड यांनी पक्ष्यांवरून १९९०मध्ये हेच मांडलं होतं: आव्हान आलं की चढ, पिल्लं सांभाळायची वेळ आली की उतार.

रवांडातले डोंगरी गोरिला तर याहून पुढे आहेत. डायन फॉसी यांनी १९६७मध्ये उभारलेल्या करिसोके केंद्राच्या नोंदींवरून स्टेसी रोझेनबाउम यांनी २०१८मध्ये दाखवलं, की पिल्लांजवळ बसणाऱ्या, त्यांचे केस विंचरणाऱ्या नरांना स्वतःची पिल्लंही जास्त होतात. सर्वांत मायाळू नरांना सर्वांत अलिप्त नरांच्या पाचपटीहून अधिक. टोळीतला मान मोजणीतून वगळला तरी हा फरक उरतो. हे नर आपलं-परकं पिल्लू असा भेदही करताना दिसत नाहीत.

आता माणूस. फिलिपीन्समधल्या सेबू इथे ली गेटलर आणि सहकाऱ्यांनी ६२४ तरुणांचं टेस्टोस्टेरॉन २००५मध्ये मोजलं आणि २००९मध्ये पुन्हा मोजलं. ज्यांचं सुरुवातीला जास्त होतं, तेच पुढे संसारी बाप होण्याची शक्यता अधिक होती. आणि बाप झाल्यावर ते ठळकपणे उतरलं: नव्या बापांत सकाळचं सुमारे २६ टक्के, संध्याकाळचं ३४ टक्के. रोज तीन तास किंवा अधिक वेळ मूल सांभाळणाऱ्यांत ते सर्वांत कमी होतं. टांझानियात शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन समाजांचं उदाहरण मला त्याहून बोलकं वाटतं. हाड्झा बाप लेकरांना अंगाखांद्यावर वागवतात. त्यांचं टेस्टोस्टेरॉन बिनलेकराच्या पुरुषांपेक्षा कमी असतं. गुरं राखणाऱ्या दातोगांमध्ये तान्ह्या मुलाचं सगळं काम बायकांकडे, आणि तिथे बाप व बिनलेकराचा पुरुष यांच्यात फरकच नाही. नुसतं बाप होऊन शरीर बदलत नाही. मूल हातात यावं लागतं.

इथे मला आपल्या घरांकडे वळावंसं वाटतं. मराठवाड्यात पहिलं बाळंतपण माहेरी. ओटीभरण झालं की लेक जाते आणि सव्वा महिन्यानं, कधी तीन-चार महिन्यांनी परतते. या रीतीला मी सहजी नावं ठेवणार नाही. सासरी न मिळणारी झोप, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी आणि आईचा हात तिला माहेरीच मिळतो. पण याच रीतीनं बाप बारशाला येणारा पाहुणा होतो. नंतर ‘इतक्या लहानग्याला उचलायची भीती वाटते’ असं तो म्हणतो तेव्हा घरातल्या बायका कौतुकानं हसतात, आणि बाळ त्याच्याकडून काढून घेतात. त्याच्या अंगात जी बाप होण्याची तयारी आहे, तिला आपण दातोगांसारखं कामच देत नाही.

कायदाही त्याच वळणाचा आहे. २०१७च्या दुरुस्तीनंतर आईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि ती मिळायलाच हवी. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बापाला १५ दिवस आहेत. मराठवाड्यातल्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या खासगी कारखान्यांतल्या बापाला कायद्यानं एकही दिवस नाही. मालकानं दिला तर दिला. पंधरा दिवसांचा हक्क तरी त्यालाही मिळावा, आणि ते दिवस त्यानं सासुरवाडीला काढावेत असं मला वाटतं. तिथल्या वडीलधाऱ्या बाईनं दुपटी बदलायचं आणि रात्रीच्या एका जागरणाचं काम जावयाला बिनसंकोच सांगावं. त्यानंतर मायलेकरांनी बापाच्या शहरात लवकर यावं, हवं तर आईची आईही सोबत यावी. वाळूजला पहिल्या पाळीचा माणूस दुपारीच सुटतो. सेबूच्या बापांचे ते तीन तास त्याला रोज मिळू शकतात, बाळ त्याच घरात असेल तर.