स्थावरांतील विभूती

स्थावरांमध्ये हिमालय आणि प्रवाहांमध्ये जाह्नवी या आपल्याच विभूती होत, असे भगवंत गीतेच्या दशमाध्यायात सांगतात. उत्तराखंडातील गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात या दोहींचे एकत्र दर्शन घडते. गंगोत्रीहून गोमुखाकडे निघालेले यात्रेकरू सुमारे १४ किलोमीटर चालून भोजबासा येथे तंबूत रात्र काढतात. नाव भोजवृक्षांचे, वृक्ष मात्र आता विरळ! ज्यांच्या सालीवर प्राचीन पंडितांनी ग्रंथ उतरून ठेवले, त्यांतील पुष्कळ वृक्ष चुलींत आणि शेकोट्यांत गेले. तेथील थंडी दुःसह असते, हे खरेच. तथापि उद्या गोमुखी पापक्षालन इच्छिणाऱ्या गृहस्थाने आज भगवंताच्या अंगावरील वल्कल जाळावे काय? जाणता साधक अंगावर आणखी एक कांबळे ओढतो आणि अंधारात भागीरथीचा घोष ऐकत जप करीत बसतो.