शेवटचा रकाना

न्यू जर्सीच्या एका कॉलेजात दोन मैत्रिणी चिनी शिकत होत्या. एकीचे आईवडील नाशिकहून जाऊन तिकडे स्थायिक झालेले, दुसरी तिथलीच. तिसऱ्या वर्षाचं एक सत्र चीनमध्ये काढायचं हे दोघींचं पक्कं होतं. कुठे, ते ठरत नव्हतं.

मराठी मुलगी टापटिपीची. तिनं एक्सेलमध्ये तक्ताच मांडला. डावीकडे विद्यापीठं: पेकिंग, त्सिंगहुआ, शांघायचं फूतान, हारबिनचं एक आणि कुनमिंगचं युन्नान. पुढे रकाने: जागतिक क्रमवारी, फी, वसतिगृहाचं भाडं, हवा, गावची बोली. हारबिनकडची बोली प्रमाण चिनीला जवळची म्हणून तिथे पैकीच्या पैकी गुण पडले. पण जानेवारीत पारा उणे वीसच्या खाली उतरतो हे ऐकताच आईनं हारबिन फोनवरच निकालात काढलं. बाबांचा कौल त्सिंगहुआला. "उद्या तुझा बायोडेटा वाचणारा कुनमिंग नकाशात शोधत बसणार आहे का?" मुद्दा अगदीच खोटा नव्हता. पुण्याच्या मामांनी न विचारता क्रमवारीची लिंक पाठवली, दोनदा.

मुलीचा ओढा मात्र कुनमिंगकडे. बीजिंगला वूदाओखौ नावाचा भाग आहे. पेकिंग, त्सिंगहुआ आणि परदेशी मुलांना चिनी शिकवणारं भाषा विद्यापीठ, तिन्ही तिथून सायकलच्या टप्प्यात. विद्यार्थी त्याला थट्टेनं विश्वाचं केंद्र म्हणतात. तिथे कॉफीपासून पिझ्झ्यापर्यंत सगळं इंग्रजीत निभावतं, मग चिनी शिकायचं कधी? मैत्रिणीलाही हे पटलं होतं. दोघी तक्ता घेऊन चिनीच्या बाईंकडे गेल्या.

बाई सत्तरी उलटलेल्या. त्यांनी तक्ता चष्म्याजवळ धरून वाचला आणि हसल्या. "पेकिंग एका ओळीत, त्सिंगहुआ दुसऱ्या, कुनमिंग खाली तिसऱ्या. माझे वडील पेकिंग आणि त्सिंगहुआत एकदमच शिकले. तेही कुनमिंगमध्ये."

मग त्यांनी सगळं सांगितलं. 1937 च्या उन्हाळ्यात जपान्यांनी बीजिंग घेतलं, त्यानजिनच्या नानकाय विद्यापीठावर बॉम्ब टाकले. ही तिन्ही विद्यापीठं दक्षिणेला छांगशात एकत्र आली. तिथेही बॉम्ब पडू लागले, तेव्हा 1938 च्या फेब्रुवारीत पुन्हा बाडबिस्तरा उचलला. मुली आणि बरेच प्राध्यापक हाँगकाँगमार्गे बोटीनं हायफाँगला आणि तिथून रेल्वेनं कुनमिंगला. जवळपास तीनशे मुलगे आणि काही शिक्षक मात्र चालत निघाले. सोळाशे किलोमीटरची वाट, बरीचशी पायी. पोचायला 68 दिवस लागले. कवी वेन यिदुओ त्यांच्यात होते. त्यांनी वाटेत दाढी वाढवली ती युद्ध संपेपर्यंत ठेवली. कुनमिंगला मातीच्या भिंती आणि पत्र्याचे वर्ग. पाऊस आला की पत्रा असा वाजायचा की शिकवणं बंद. ग्रंथालयात जागा अपुरी, दिवे अपुरे, म्हणून पोरं चहाच्या दुकानात एका पेल्यावर दिवसभर वाचत बसायची. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की वह्या घेऊन टेकड्यांकडे पळायचं. 1946 पर्यंत ही विद्यापीठं तिथेच होती. तिथेच शिकलेल्या यांग चेन-निंग आणि त्सुंग-दाओ ली यांना 1957 चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं.

"म्हणजे कुनमिंगलाच जायचं," मुलगी म्हणाली.

"असं मी कुठे म्हटलं?" बाईंनी पेन्सिल घेतली, तक्त्याच्या उजव्या कडेला आणखी एक रकाना आखला आणि वर लिहिलं: रोज कोणाशी बोलणार?

कुनमिंगपुढे मुलीनं तिथल्या तिथे लिहिलं, सगळ्यांशी. मैत्रिणीचा कुनमिंगचा अर्ज पुढे मुदतीत पोचला नाही; तिला पेकिंग मिळालं. तिनं रकाना कोराच ठेवला, कारण तिला खरंच सुचेना.

कुनमिंग सुरेख निघालं. समुद्रसपाटीपासून एकोणीसशे मीटरवरचं गाव, बारमाही वसंत. हिवाळा लागला तसे सायबेरियातले कुरव पक्षी हिरव्या तळ्यावर उतरले आणि मुलीच्या फोटोंवर नाशिकपर्यंत वाहवा झाली. परदेशी मुलांची इमारत वेगळी होती, त्यात तिची स्वतंत्र खोली. फाटकाशी एक बाई तांदळाच्या शेवयांसारखे नूडल्स विकायची. पहिल्या आठवड्यात मुलीनं तिच्याशी दोनदा बोलून पाहिलं. तिकडची बोली वर्गातल्या चिनीपेक्षा भलतीच निराळी, काही उमगेना. मागे रांग वाढली, कान तापले. मग तिच्या लक्षात आलं की बोलायची गरजच नाही. वाडग्याकडे बोट दाखवायचं, फोनवर कोड स्कॅन करायचा, झालं. चीनमध्ये आता महिनेच्या महिने मुक्यानं काढता येतात. संध्याकाळी आईशी व्हिडिओ कॉल, रात्री व्याकरण. परीक्षेत गुण उत्तम.

मैत्रिणीचं बीजिंगला वेगळंच रडगाणं. ती चिनीत बोलायची, वर्गाबाहेरची हुशार पोरं इंग्रजीत उत्तर द्यायची. त्यांनाही सराव हवाच होता. तिनं एक जुनी सायकल घेतली, तिची चेन दर दोन दिवसांनी पडायची. फाटकाजवळचा दुरुस्तीवाला हनान प्रांताकडचा, इंग्रजीचा एक शब्द येत नसलेला. चेनची कुठली कडी झिजली आहे हे त्यानं ग्रीसनं काळ्या झालेल्या नखानं दाखवलं आणि तिच्याकडून तो शब्द नीट येईपर्यंत म्हणवून घेतला. पुढे चेन ठीक असतानाही ती जाऊ लागली. त्याच्या बुटक्या स्टुलावर बसून पान्हे हातात देता देता ती जेवणाची पार्सलं पोचवणारी पोरं, खानावळीतले आचारी, एक चिडका प्राध्यापक, सगळ्यांच्या गप्पांत घुसली.

डिसेंबरात बाईंनी दोघींना एकत्र फोन केला. बोलणं चिनीतच. "तुमच्या फाटकाशी कोण बसतं? कुठून आलंय ते माणूस?"

मैत्रीण सुटली ती सुटलीच. हनानी हेल, अर्धी वाक्यं मोडकी, ब्रेकच्या रबराचा भाव, दुरुस्तीवाल्याच्या मुलीची परीक्षा. बाई मधेमधे खो-खो हसत होत्या. मुलीची पाळी आली. नूडल्स, वाडग्याची किंमत, वरची तिखट चटणी, एकही सूर चुकला नाही. "आणि ती बाई..." एवढं म्हणून ती थांबली.

"सत्र संपायला किती अवकाश आहे?" बाईंनी विचारलं.

"तीन आठवडे."

"मग पुष्कळ आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन खिशात ठेवून मुलगी गाड्यापाशी उभी राहिली आणि विचारलं, "तुमचं गाव कुठलं?"

बाईच्या हातातली झारी वरच राहिली. "अगं, तुला बोलता येतं? चार महिने मी तुला मुकी समजत होते!" तिनं पायानं स्टूल पुढे ढकललं. गाव सांगितलं, ते मुलीला कळलं नाही. पुन्हा सांगितलं, अर्धं कळलं. मग तिनं उलट विचारलं, "तुमच्याकडे असले नूडल्स करतात का?"

मुलगी शेवयांबद्दल सांगू लागली आणि दुसऱ्याच वाक्याला अडली. हातवारे बघून बाईनं शब्द पुरवला, मागच्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं आणि म्हणाली, "हं, पुढे?"