निदानाचं वय कोण ठरवतं?

१९४३ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांनी अकरा मुलांवर एक शोधनिबंध लिहिला आणि स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, वैद्यकशास्त्राच्या दप्तरी आली. आठ मुलगे, तीन मुली. बहुतेकांचे आईवडील उच्चशिक्षित. त्यावरून ही अवस्था सुखवस्तू, बुद्धिमान घरांतच आढळते असा समज रुजला आणि कित्येक दशकं टिकला. कॅनरांच्या दारापर्यंत पोचायला पैसा, शिक्षण आणि ओळख लागते, हे फारसं कुणी लक्षात घेतलं नाही. ज्यांच्याकडे यातलं काही नव्हतं, त्यांची मुलं तीच लक्षणं घेऊन मंदबुद्धी ठरत होती.

मराठवाड्यात आजही हीच चाळणी लागते. मूल कोणत्या घरात जन्मलं, त्या घरात कोणती भाषा बोलतात, ते घर छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयापासून किती लांब आहे आणि वर्षातले बारा महिने ते एका गावात राहतं का, यावर त्याचं निदान कोणत्या वयात होणार हे ठरतं.

लक्षणं सगळीकडे सारखीच असतात. वर्ष उलटलं तरी मूल नावाला ओ देत नाही. दीड वर्षाचं झालं तरी बोट दाखवून काही मागत नाही. नजरेला नजर देत नाही, खेळण्यातल्या गाडीचं एकच चाक तासन्‌तास फिरवत बसतं. असं मूल छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या नोकरदार घरात असेल, तर आई बालरोगतज्ज्ञ गाठते आणि तिसऱ्या वर्षाच्या आसपास स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी सुरू होऊ शकते. तेच मूल शंभरेक किलोमीटरवरच्या सोयगाव तालुक्यातल्या बंजारा तांड्यावर असेल, तर आजी म्हणते, ‘ह्याचा बापही उशिराच बोलला होता.’ मग अंगारा होतो, देवऋषी होतो, टॉनिकची बाटली होते. पुढे शाळेत गुरुजी म्हणतात, ‘हा वर्गात बसत नाही, घरीच ठेवा.’ तोवर बोलणं आणि इतरांशी जुळवून घेणं शिकवण्याची सर्वांत अनुकूल वर्षं निघून गेलेली असतात.

ऊसतोड कामगारांच्या घरात तर कॅलेंडरच वेगळं चालतं. मुकादमाची उचल घेतलेली असते. दिवाळीच्या सुमारास कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, बाहेर पडतो आणि चार-सहा महिने मूल फडाजवळच्या कोपीत राहतं. थेरपी म्हणजे आठवड्यामागून आठवडे, त्याच माणसाकडे, त्याच वेळी जाणं. ज्या घराला पुढचा महिना कुठल्या कारखान्यावर जाईल हे माहीत नाही, त्या घराला हा उपचार मुळातच बंद आहे. गावात राहणाऱ्या मजुराचंही वेगळं नाही. मुलाला शहरात न्यायचं तर एसटीचं भाडं जातं, दोघांची मजुरी बुडते आणि खासगीत एका सत्राला शेकड्यांत पैसे मोजावे लागतात. पुन्हा पुढच्या आठवड्यात तेच.

भाषेची भिंत आणखी उंच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार छत्रपती संभाजीनगर शहरात सुमारे तीस टक्के लोक मुस्लिम होते आणि त्यांतल्या पुष्कळ घरांत उर्दू किंवा दखनी बोलतात. तांड्यांवर बंजारा समाजाची गोरबोली चालते. तपासणी मात्र मराठी, हिंदी किंवा इंग्रजीतून होते. आईला मुलाबद्दल जे अगदी नेमकं सांगायचं असतं, ते परक्या भाषेत अर्धंमुर्धं सांगितलं जातं आणि अर्ध्या माहितीवर निदानही अर्धंच होतं. त्यातच काही ठिकाणी पालकांना सल्ला मिळतो की मुलाशी घरची बोली बंद करा, एकच भाषा ठेवा. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलाचं भाषिक नुकसान होतं, असं संशोधनात दिसलेलं नाही. उलट आई जी भाषा मोकळेपणाने बोलते, तीच बंद केली तर मुलाशी मनापासून बोलणारं माणूसच कमी होतं.

कायद्याने आपल्याकडे उशिरा का होईना, दखल घेतली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, स्वमग्नता त्यांत नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला स्थान दिलं आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत तिचा समावेश केला. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच पालघरमधून झाली. त्याची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन मुलं तपासतात, पुढे जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अंगणवाडीतल्या दिव्यांग मुलांसाठी कार्यपद्धतीही जाहीर केली. म्हणजे मुलाच्या दारापर्यंत जाणारा रस्ता कागदावर आखलेला आहे. तो तुटतो ‘पुढे पाठवा’ या दोन शब्दांपाशी. पाठवलेलं मूल पोचलं का, पोचल्यावर टिकलं का, हे विचारायला पुन्हा कोण जातं?

छत्रपती संभाजीनगरात ‘आरंभ’ हे स्वमग्न मुलांचं केंद्र उभं राहिलं ते अंबिका टाकळकर या स्वमग्न मुलाच्या आईच्या जिद्दीमुळे. देशभरातल्या अनेक चांगल्या संस्थांचं मूळ असंच कुण्या आईच्या हट्टात आहे. त्या आयांबद्दल मला अपार आदर आहे. पण ज्या आईला रोजंदारीवरून सुट्टी नाही, तिने संस्था उभारावी अशी अपेक्षा समाजाने धरू नये. तिच्या मुलाचा हक्क तिच्या जिद्दीवर अवलंबून ठेवणं अन्यायाचं आहे.

अमेरिकेत निदानाच्या वयातलं हे अंतर दिसलं, कारण तिथे ते मोजलं गेलं. फिलाडेल्फियातल्या गरिबांसाठीच्या सरकारी विम्याच्या नोंदींवरचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. गोऱ्या मुलांचं निदान सरासरी ६.३ व्या वर्षी होत होतं, कृष्णवर्णीय मुलांचं ७.९ व्या वर्षी. पुढे वर्षानुवर्षं वंशनिहाय आकडे जाहीर होत राहिले, तपासणी वाढली, आणि २०२३ च्या सरकारी अहवालात कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक व आशियाई मुलांमधलं नोंदलेलं प्रमाण प्रथमच गोऱ्या मुलांहून जास्त दिसलं. विषमता संपली असं नव्हे. स्वमग्न कृष्णवर्णीय मुलांपैकी निम्म्यांना बौद्धिक अक्षमताही असल्याची नोंद आहे, गोऱ्यांमध्ये जवळपास एकतृतीयांशांना. सौम्य लक्षणांची मुलं अजून निसटत असावीत, हे त्यातून दिसतं. पण प्रश्न आता झाकता येत नाही.

आपल्याकडे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या पाच ठिकाणच्या अभ्यासात दोन ते नऊ वर्षांच्या साधारण शंभर मुलांमागे एक मूल स्वमग्न आढळलं. उत्तर गोवा त्या पाचांत होता. मराठवाडा नव्हता. २०११ च्या जनगणनेत तर स्वमग्नतेसाठी वेगळा रकानाच नव्हता. कोणत्या तालुक्यात, कोणत्या समाजात, मुलगा की मुलगी, कितव्या वर्षी निदान झालं, हे आपण लिहूनच ठेवत नसू, तर सोयगावचं मूल सिडकोच्या मुलाहून किती वर्षं मागे आहे हे सिद्ध कसं करणार? आणि जे सिद्ध होत नाही, त्यासाठी निधी मागणार कसा?

उपाय फार दूरचा नाही. गोवा आणि रावळपिंडी इथे झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी आईवडिलांना मुलाशी संवाद कसा साधायचा हे शिकवलं. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुलं स्वतःहून संवाद जास्त सुरू करू लागली. गोव्यात जमलं ते कन्नडला, वैजापूरला, सोयगावला का जमू नये? आशाताई आणि अंगणवाडीताई तिथेही आहेत, आणि त्यांतल्या कित्येकींना घरातली बोली येते.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी तपासणी आणि थेरपी मिळावी. तपासणीला उर्दू आणि गोरबोली जाणणारं माणूस सोबत असावं. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलाची नोंद त्याच्याबरोबर कारखान्याच्या गावी जावी आणि तिथल्या आरोग्य केंद्राने उपचार पुढे चालवावेत. आणि निदानाच्या वेळचं वय तालुका, समाज, भाषा व लिंग यांसह नोंदवून जिल्ह्याने ते दरवर्षी जाहीर करावं. पहिल्या वर्षीचे आकडे लाज आणतील. ती लाज जिल्ह्याने सोसावी. आजवर ती एकेकट्या आईने सोसली आहे.